बाबांचा रिपोर्ट आणि ताज्या कलमातली आत्या

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. माझं वय 38. माझे बाबा गेल्या वर्षी स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेले. 61 वर्षांचे होते. दारू नाही, तंबाखू नाही, रोज पाच किलोमीटर चालायचे. परवा त्यांची फाइल आवरताना एक मॉलिक्युलर रिपोर्ट सापडला. त्यात ठळक अक्षरांत ‘केआरएएस जी12डी: पॉझिटिव्ह’ असं लिहिलंय. नेटवर शोधलं तर केआरएएस हा कॅन्सरचा जीन आहे असं कळलं. तेव्हापासून झोप नाही. बाबांचा निम्मा जीनसाठा माझ्यात आहे ना? मी ऑनलाइन किट मागवून लाळ तपासून घेतली. त्यात ‘कोणताही धोकादायक बदल आढळला नाही’ असं आलं, पण विश्वास बसत नाही. त्यात माझा रक्तगट बी, आणि ओ सोडून बाकी रक्तगटांना हा कॅन्सर जास्त होतो असंही वाचलं. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि सीए 19-9 ही रक्ततपासणी करून घेऊ का? दादा म्हणतो, उगाच उकरून काढू नकोस. त्याला नऊ वर्षांची मुलगी आहे, तिचीही मला काळजी वाटते.

ता. क. बाबांच्या बहिणीला, माझ्या आत्याला, 44व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला होता. आता ती 58 वर्षांची आहे, अगदी ठणठणीत. त्याचा याच्याशी संबंध नसावा.

उत्तर: सही करून झाल्यावर जाता जाता जे लिहिलंत, तेच तुमच्या पत्रातलं सर्वांत कामाचं आहे. आत्याकडे येतेच. पण आधी केआरएएसचं बघू, कारण ती धास्ती डोक्यात असताना पुढचं काही नीट वाचलं जाणार नाही.

बाबांच्या रिपोर्टचं पहिलं पान पुन्हा उघडा आणि ‘नमुना’ किंवा ‘स्पेसिमेन’ या शब्दापुढे काय छापलंय ते बघा. बहुतेक तिथे बायोप्सीचा तुकडा किंवा पॅराफिन ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला तुकडा) असं असेल. म्हणजे जी तपासणी झाली ती बाबांची नाही, बाबांच्या गाठीची. या दोन गोष्टी पूर्ण वेगळ्या आहेत, आणि हा फरक कुणी समजावून न सांगता असे रिपोर्ट नातेवाइकांच्या हातात ठेवले जातात याचा मला राग येतो.

केआरएएस हा जीन तुमच्यात, माझ्यात, सगळ्यांतच असतो. पेशीला वाढायचा निरोप पोचवणाऱ्या साखळीतला तो एक दुवा. ‘जी12डी’ म्हणजे त्या जीनवरून बनणाऱ्या प्रथिनात 12व्या जागी ग्लायसिनऐवजी ॲस्पार्टिक ॲसिड आलं. एवढ्याशा फरकाने तो निरोप थांबेनासा होतो. स्वादुपिंडाचा नेहमी आढळणारा जो कॅन्सर आहे, त्याच्या साधारण 90 टक्के गाठींत केआरएएस असा बिघडलेला असतो. थोडक्यात, बाबांच्या रिपोर्टमधली ती ठळक ओळ त्या आजाराच्या बहुतेक रुग्णांच्या रिपोर्टमध्ये असते. हा बिघाड त्यांच्या स्वादुपिंडातल्या एखाद्या पेशीत, तुमच्या जन्मानंतर कितीतरी वर्षांनी झालेला असणार. ज्या पेशींतून तुम्ही आणि दादा जन्माला आलात त्यांत तो नव्हता. असा बदल पुढच्या पिढीत जात नाही. या जीनपुरती काळजी इथे संपली.

रिपोर्ट मात्र मिटू नका. ठळक ओळीखाली बारीक टाइपात एक तक्ता असतो. त्यात बीआरसीए1, बीआरसीए2, पीएएलबी2, एटीएम यांपैकी कुठलं नाव ‘पॅथोजेनिक’, म्हणजे घातक, या शिक्क्यासह दिसतंय का ते बघा; या जीनमधला दोष जन्मजात असू शकतो. शेजारच्या रकान्यात टक्केवारी असते, तिला व्हीएएफ म्हणतात: वाचलेल्या डीएनएपैकी किती भागात तो बदल सापडला. जन्मजात बदल शरीरातल्या प्रत्येक पेशीत, जीनच्या दोन प्रतींपैकी एकीत असतो, त्यामुळे ही टक्केवारी अनेकदा 50च्या आसपास येते. तो पुरावा नाही, इशारा आहे. नक्की काय ते रक्ताच्या तपासणीतूनच ठरतं. टीपी53 आणि सीडीकेएन2ए ही नावंही तक्त्यात असतील. गाठींत ती वरचेवर बिघडलेली असतात आणि बहुतेक वेळा बिघाड गाठीपुरताच असतो, तरी ते पान जेनेटिक काउन्सेलरला, म्हणजे आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाला, दाखवा. आणि वरच्या चार जीनपैकी काहीच तक्त्यात नसेल, तर ते तपासलेच नव्हते की तपासून ठीक आले, हेही विचारून घ्या. गाठीची छोटी पॅनेल, म्हणजे निवडक जीनच्या एकत्र तपासण्या, बऱ्याचदा फक्त औषधं ठरवण्यापुरती असतात.

आता आनुवंशिक म्हणजे नेमकं काय, ते. स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांपैकी बहुतेकांत जन्मजात दोष सापडत नाही. 2018 मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 3,030 रुग्णांचे जीन तपासले, तर सहा जीनमधले जन्मजात बदल या कॅन्सरशी ठळकपणे जोडलेले दिसले: सीडीकेएन2ए, टीपी53, एमएलएच1, बीआरसीए2, एटीएम आणि बीआरसीए1. या सहांपैकी एखाद्यात दोष असलेले रुग्ण होते 5.5 टक्के. गंमत पुढे आहे. ज्यांच्या घरात हा कॅन्सर पूर्वी कुणालाच नव्हता, अशांतही प्रमाण 5.2 टक्के निघालं. ज्यांच्या घरात होता, त्यांच्यात 7.9. ‘आमच्याकडे कुणालाच नव्हता’ या एका वाक्यावर तपासणी टाळणं बरोबर नाही हे त्यातून कळलं. आता स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या प्रत्येक रुग्णाची जन्मजात जीनसाठी रक्ततपासणी करावी, असं अनेक मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. बाबांची तशी झालेली दिसत नाही. झाली असती तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

बीआरसीए2, बीआरसीए1, पीएएलबी2 आणि एटीएम हे पेशीतल्या डीएनए दुरुस्तीच्या खात्यातले जीन आहेत. डीएनएची दुहेरी साखळी रोज कुठे ना कुठे तुटत असते, आणि ती बिनचूक जोडायचं काम या मंडळींकडे असतं. प्रत्येकाच्या दोन प्रती, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक प्रत जन्मतःच खराब असली तरी दुसरीवर काम भागतं. आयुष्यात कुठल्यातरी पेशीत दुसरीही गेली की चुका साठायला लागतात. म्हणूनच वाहक, म्हणजे असा जन्मजात दोष असलेल्या, प्रत्येकाला कॅन्सर होत नाही. बीआरसीए2 किंवा एटीएमचा दोष असलेल्या 100 जणांपैकी आयुष्यभरात साधारण 5 ते 10 जणांना स्वादुपिंडाचा कॅन्सर होतो. बीआरसीए1 आणि पीएएलबी2मध्ये आकडा याहून कमी, 2-3च्या घरात. तुलनेला, अमेरिकेसारख्या देशात सर्वसाधारण माणसाला हा धोका 100त 2पेक्षाही कमी आहे.

आणखीही दोष आहेत, काही याहून जड, पण ते आपली खूण ठेवून जातात. सीडीकेएन2एचा दोष असलेल्या घरांत मेलानोमा हा त्वचेचा कॅन्सर दिसतो. एसटीके11च्या दोषात, म्हणजे प्युट्झ-जेगर्स सिंड्रोममध्ये, लहानपणापासून ओठांवर काळपट ठिपके आणि आतड्यात पॉलिप असतात. पीआरएसएस1चा दोष असला तर पचनाचं एन्झाइम स्वादुपिंडातच वेळेआधी जागं होतं आणि पोरवयापासून पॅन्क्रिअटायटिसचे, म्हणजे स्वादुपिंडाला सूज येण्याचे, झटके येत राहतात. लिंच सिंड्रोम या आनुवंशिक आजारात मोठ्या आतड्याचे आणि गर्भाशयाचे कॅन्सर. यांतलं काही तुमच्या पत्रात नाही. जे आहे ते वेगळं आहे: वडिलांना स्वादुपिंड, त्यांच्या सख्ख्या बहिणीला पन्नाशीच्या आत स्तन. ही जोडी दिसली की जेनेटिक काउन्सेलर पहिल्यांदा बीआरसीए2, पीएएलबी2 आणि एटीएमचा विचार करतो. योगायोगही असू शकतो, कारण स्तनाचा कॅन्सर मुळातच खूप जणींना होतो. पण तपासल्याशिवाय सोडून द्यावी अशी ही जोडी नाही. ‘वडिलांकडच्या बाजूचा स्तनाचा कॅन्सर मोजायचा नाही’ हा समज फार पसरलेला आहे. बीआरसीए2 तेराव्या गुणसूत्रावर असतो, आणि ते गुणसूत्र जसं आईकडून मिळतं तसंच वडिलांकडूनही.

म्हणून तपासणीची सुरुवात तुमच्यापासून नको, आत्यापासून हवी. ज्याला कॅन्सर झालाय अशा माणसात दोष सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, आणि बाबा आता नाहीत. आत्यात दोष सापडला, तर तुमची तपासणी एका अक्षराच्या शोधाइतकी नेमकी होते: तोच बदल तुमच्यात आहे की नाही. नसला तर तुम्ही त्या दोषातून पूर्ण सुटलात, आणि त्या ‘नाही’वर भरवसा ठेवता येतो. आत्यात काहीच सापडलं नाही, तर शक्यता बरीच कमी होते, पण संपत नाही, कारण आत्याचा कॅन्सर योगायोगाचा आणि बाबांचा आनुवंशिक असंही असू शकतं. मग तुम्ही किंवा दादाने पूर्ण पॅनेल करायचं. बाबांच्या बायोप्सीचा ब्लॉक हॉस्पिटलमध्ये जपून ठेवलेला असेल, तर त्याचा उपयोग होईल का हेही काउन्सेलरला विचारा; रक्ताइतका तो भरवशाचा नसतो.

तुमच्या किटच्या निकालावर विश्वास बसत नाही म्हणता, ते योग्यच आहे. बीआरसीए1 आणि 2मध्ये मिळून हजारो वेगवेगळे घातक बदल माहीत आहेत. घरबसल्या मागवायच्या काही किटमध्ये त्यांतले मोजकेच तपासले जातात. एका प्रसिद्ध प्रकारात सुरुवातीला फक्त तीनच होते, तेही प्रामुख्याने अश्केनाझी ज्यू समाजात आढळणारे. पुस्तकातली तीन पानं वाचून ‘छपाईत चूक नाही’ म्हणण्यातला हा प्रकार. तो कागद बाजूला ठेवा. खरी तपासणी करताना तो हिशेबात धरू नका.

रक्तगटाचं तुम्ही वाचलं ते खरं आहे. 2009 मध्ये हजारो रुग्णांचे आणि निरोगी लोकांचे जीनोम ताडून पाहिले, तेव्हा नवव्या गुणसूत्रावर, रक्तगट ठरवणाऱ्या एबीओ जीनच्या जागीच संबंध सापडला. ओ गटाच्या तुलनेत इतरांचा धोका साधारण सव्वा ते पावणेदोन पट दिसतो. असे लहान परिणामांचे बदल नंतर आणखीही बरेच सापडले. संशोधकांच्या दृष्टीने ते मोलाचे आहेत. तुमच्या दृष्टीने त्यांचा अर्थ इतकाच की मुळात लहान असलेला आकडा किंचित कमीजास्त होतो. जगातली कोट्यवधी माणसं बी गटाची आहेत आणि त्यासाठी कुणाला स्कॅन करत नाहीत.

आणि तुमचा स्वतःचा आकडा? सख्ख्या नात्यात एकाला हा कॅन्सर झालेला असेल तर धोका साधारण दुप्पट होतो. दुप्पट ऐकायला भयंकर वाटतं. 100त दीडचे तीन धरले, तरी 97 जणांना तो होत नाही. आत्याचा निकाल येईपर्यंत हाच आकडा मनात धरा.

सहामाही सोनोग्राफी आणि सीए 19-9 नको. स्वादुपिंड जठराच्या मागे दडलेलं असतं, आतड्यातल्या वायूमुळे सोनोग्राफीत ते अनेकदा नीट दिसतच नाही, आणि लहान गाठ तर हमखास निसटते. सीए 19-9 पित्ताशयातल्या खड्यांनी, काविळीने, पॅन्क्रिअटायटिसनेही वाढतं. आणि यातही जनुकांचा एक खेळ आहे: लुईस या एबीओहून वेगळ्या रक्तगट-पद्धतीचा जीन निकामी असलेली 5 ते 10 टक्के माणसं हा पदार्थ जवळजवळ बनवतच नाहीत, त्यांना कॅन्सर असला तरी आकडा सपाट राहतो. म्हणजे वाढला तरी घोळ, न वाढला तरी खोटा दिलासा. लक्षणं नाहीत, जास्त धोका नाही, अशांची स्वादुपिंडासाठी चाळणी-तपासणी करू नये, असा सल्ला अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स या तज्ज्ञगटानेही 2019 मध्ये पुन्हा दिला.

जास्त धोका असलेल्यांचं गणित वेगळं. वाहकांसाठी वर्षातून एकदा एमआरआय किंवा एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड करतात. दुसऱ्या तपासणीत नळी घशातून जठरात उतरवून स्वादुपिंड अगदी जवळून पाहतात. सुरुवात साधारण 50व्या वर्षी, किंवा घरातल्या सर्वांत तरुण रुग्णाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यांतलं जे आधी येईल तेव्हा. बाबा 61चे होते, म्हणजे तुमच्या बाबतीत 50. बीआरसीए किंवा एटीएमच्या प्रत्येक वाहकाची अशी देखरेख करावी की घरात हा कॅन्सर झालेला असेल तरच, यावर तज्ज्ञांच्या गटांत एकमत नाही. तुमच्या घरात झालेला असल्याने तुम्हाला तो वाद लागू नाही. 2022 मध्ये अशा देखरेखीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 1,461 जणांपैकी ज्या नऊ जणांचा कॅन्सर तपासणीत पकडला गेला, त्यांतले सात पहिल्या टप्प्यात होते. एरवी हा आजार बहुधा शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेल्यावर कळतो, तेव्हा ही गोष्ट लहान नाही. दुसरी बाजूही आहे. अशा तपासण्यांत निरुपद्रवी सिस्ट (द्रवाने भरलेल्या पिशव्या) खूप सापडतात, त्यांच्या मागे वर्षानुवर्षं फिरावं लागतं, कधी नको ती शस्त्रक्रियाही होते.

म्हणजे अगदी वाहक निघालात तरी स्वादुपिंडासाठी तुम्हाला आज, 38व्या वर्षी, काहीच करायचं नसेल. मग तपासणीची घाई कशाला? स्तनांसाठी आणि बीजांडकोशांसाठी. पत्रभर तुम्ही स्वादुपिंडाबद्दल घाबरला आहात, पण बीआरसीए2 असलेल्या बाईला 80व्या वर्षापर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता 70 टक्क्यांच्या आसपास आणि बीजांडकोशाचा होण्याची 17 टक्क्यांच्या आसपास असते. तिथे आजच करण्यासारखं खूप आहे. वाहक स्त्रीच्या स्तनांचा एमआरआय तिशीच्या आधीपासून सुरू करतात, आणि मूल हवं-नको ठरलं की चाळिशीच्या सुमारास बीजांडकोश काढून टाकण्याचा पर्याय गंभीरपणे देतात. तुम्ही नेमक्या त्या वयात आहात. म्हणून दादाचं ‘उकरू नकोस’ मला पटत नाही.

आत्याशी फोनवर बोलू नका, जाऊन बोला. ‘तुझ्यामुळे आमच्याकडे आलं का’ असा सूर चुकूनही यायला नको. ‘आत्या, बाबांचा आजार आणि तुझा आजार एकाच मुळाचा आहे का हे एका रक्ततपासणीत कळू शकतं. कळलं तर आधी तुझाच फायदा आहे, मग माझा आणि दादाचा. माझ्याबरोबर येशील का?’ एवढं पुरे. फायदा तिचाच आहे हे खरं आहे: दोष असला तर दुसऱ्या स्तनाचा आणि बीजांडकोशांचा प्रश्न 58व्या वर्षीही शिल्लक असतो. चौदा वर्षांपूर्वी तपासणी झाली असेल, तर तो जुना कागद घेऊन जा. तेव्हा बहुधा बीआरसीएचे दोनच जीन पाहिले असतील, पीएएलबी2 आणि एटीएम राहिले असतील. ती नाही म्हणाली, तर आग्रह नको. तुमच्यापासून सुरुवात करू. फक्त मग निकाल ‘काही नाही’ आला तर त्याचं वजन कमी असेल.

तपासणीआधी जेनेटिक काउन्सेलरला भेटा, आणि आयुर्विमा काढायचा विचार असेल तर तुमच्याकडचा नियम आधी विचारा. निकालात ‘व्हीयूएस’ आलं, म्हणजे अर्थ न लागलेला बदल, तर त्यावर कुठलाही निर्णय घ्यायचा नाही. असे बहुतेक बदल पुढे निरुपद्रवी ठरतात. दोन-तीन वर्षांनी लॅबला पुन्हा विचारा, बस.

सिगारेट ओढत असाल तर ती आजच थांबवा; स्वादुपिंडाच्या कॅन्सरचा धोका ती जवळपास दुप्पट करते, आणि हे कुठल्याही जीनपेक्षा तुमच्या हातात आहे. पन्नाशीनंतर एकाएकी मधुमेह निघाला आणि वजनही उतरत असेल, तर डॉक्टरांना बाबांचा आजार आवर्जून सांगा.

दादाला आत्याचा निकाल जसा येईल तसा सांगा. तपासणी करायची की नाही हा त्याचा निर्णय. त्याला एवढंच लक्षात आणून द्या की हे फक्त बायकांचं प्रकरण नाही. बीआरसीए2 असलेल्या पुरुषांत प्रोस्टेटचा कॅन्सर वाढतो, स्वादुपिंडाचा धोका पुरुषांनाही तसाच, आणि मूल मुलगा असो वा मुलगी, दोष पुढे जाण्याची शक्यता प्रत्येकाला 50 टक्के. भाचीची तपासणी मात्र आत्ता अजिबात नको. हे कॅन्सर मोठेपणीचे आहेत, नऊ वर्षांच्या मुलीसाठी निकालावर करण्यासारखं काही नसतं, आणि हे जाणून घ्यायचं की नाही ते तिचं तिने अठरा वर्षांनंतर ठरवायचं. आत्यात सापडलेला बदल दादात नसला, तर तुमच्या घराच्या बाजूने तिच्यापुरता प्रश्न तिथेच मिटतो. वहिनीच्या माहेरची माहिती तेवढी वेगळी विचारून ठेवा.